रात्रीचा चहा आणि बाबुन्याची फुले



या महिन्याच्या टपालात आर्वीच्या एका भगिनीचे पत्र आहे. त्यांचे दीर उमरा करून परतले तेव्हा खजूर आणि झमझमबरोबर वाळक्या फुलांचे एक पाकीटही घेऊन आले. पाकिटावर ‘बाबूनज’ असे लिहिलेले. दुकानदाराने सांगितले होते, पाण्यात घालून प्या, छान झोप लागते. घरात सासूबाईंना दोन-तीन वर्षांपासून धड झोप नाही. त्यांच्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन झालेले आहे आणि रक्त पातळ राहावे म्हणून रोजची गोळी चालू आहे. भगिनी विचारतात, ‘फुलेच तर आहेत. चहासारखी उकळून अम्मींना रोज दिली तर चालतील का? आणि आम्ही बाकीच्यांनी रात्रीच्या चहाऐवजी घेतली तर?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. अम्मींना हा चहा आताच देऊ नका. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक कपही नको. कारण पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘जरूर घ्या’ असे आहे. घरातल्या बहुतेक धडधाकट माणसांना ही फुले चालतात. फक्त ती चहासारखी उकळायची नाहीत, आणि त्यांच्याकडून झोपेच्या गोळीची अपेक्षा करायची नाही.

बाबुना म्हणजे काय?

अरबीत बाबूनज, उर्दूत बाबूना, इंग्रजी पाकिटावर कॅमोमाइल. शेवंतीच्याच कुळातले हे छोटे झुडूप. फूल नखाएवढे, मधे पिवळा उंचवटा आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या. चुरगाळले की सफरचंदासारखा वास येतो. ग्रीक लोकांनी याला ‘जमिनीवरचे सफरचंद’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यातूनच कॅमोमाइल हा शब्द आला.

युनानी वैद्यकाला हे फूल नवे नाही. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्ये बाबूनजाची नोंद आहे. हकीम त्याचा मिजाज गरम आणि खुश्क मानतात. सांधेदुखीवर चोळायचे रोगन बाबूना आपल्यापैकी अनेकांच्या दादी-नानीच्या कपाटात असे. हे रोप मोगल काळात हिंदुस्थानात आले असे म्हणतात. लखनौच्या आसपासच्या खारट, उसर जमिनीतही ते तग धरते, आणि तिथल्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याच्या लागवडीवर बरेच काम केले आहे. म्हणजे उमऱ्याहून आलेले ते पाकीट परदेशी दिसले, तरी आतले फूल आपल्या ओळखीचेच आहे.

आधी रात्रीच्या चहाचे बघू

आपल्याकडे चहाला वेळ लागत नाही. वर्धा असो, पुलगाव असो की हिंगणघाट, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी पाहुण्यापुढे पाण्याच्या मागोमाग चहाच येतो. सोबत गोरसपाक असला तर दुसरा कपही होतो. इशाची नमाज झाली, जेवणे आटोपली की ‘थोडासा ठेव गं’ म्हणून पुन्हा पातेले चढते. मग गप्पा, मोबाइल, आणि बारा वाजले तरी डोळे टक्क उघडे.

चहात कॅफिन असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरले आहे आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितले आहे. घोटभर चहाने काय होते, असे वाटते. पण मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असते. गरोदर बाईच्या शरीरात ते याहून कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. काही जणांना चहा पिऊनही झोप लागते हे खरे, पण ती गाढ असतेच असे नाही. मग फजरला उठताना डोके जड, आणि ते हलके करायला पुन्हा चहा. असे हे चक्र चालू राहते.

इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषित मुहम्मद (स.) यांना पसंत नव्हते, हे आपण सगळे जाणतो. पण आपल्या घरात त्या गप्पांना बसवून ठेवणारे मुख्य कारण बहुधा चहाचे पातेलेच असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की बाबुन्याचा पहिला गुण त्याच्यात काय आहे हा नाही, काय नाही हा आहे. त्याच्यात कॅफिन नाही. हातात गरम कप येतो, घरच्यांबरोबर दहा मिनिटे बसणे होते, आणि झोप मात्र मोडत नाही. सवय नुसती सोडायला सांगितली तर सुटत नाही. तिच्या जागी दुसरे काही ठेवले तर लवकर सुटते.

सेवाग्रामची आठवण

चहाविषयी सर्वांत आग्रहाने बोलणारे एक माणूस आपल्याच जिल्ह्यात राहून गेले आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्याच गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. चहा, कॉफी, कोको यांपैकी शरीराला कशाचीच गरज नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी गहू लाल होईपर्यंत भाजून, दळून केलेली कॉफी सुचवली होती. सवय मोडायची तर हातात दुसरे काहीतरी द्यावे लागते, हे त्यांनाही ठाऊक होते.

त्याच पुस्तकात चहा घ्यायचाच असेल तर कसा करावा, हेही आहे. पत्ती उकळू नये, गाळणीत ठेवून वरून उकळते पाणी ओतावे, आणि खाली येणाऱ्या पाण्याला गवताच्या काडीसारखा फिकट रंग आला की थांबावे. आपल्या कडक, दुधाळ चहाच्या अगदी उलट. बाबुना करताना मात्र हीच रीत कामाला येते, आणि चांगल्या बाबुन्याचा रंगही असाच वाळल्या काडीसारखा पिवळसर असतो.

झोप खरेच लागते का?

पाकिटावर ‘शांत झोप’ असे लिहिलेले असते. त्यात किती तथ्य आहे ते पाहू.

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतत चिंता करण्याचा आजार असलेल्या ५७ जणांना आठ आठवडे बाबुन्याच्या अर्काच्या किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ औषधाच्या कॅप्सूल दिल्या. अर्क घेणाऱ्यांची चिंता काहीशी जास्त कमी झाली. पण २०११ मध्ये जुना निद्रानाश असलेल्या ३४ जणांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा झोपेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आमच्या भगिनींना जवळचा वाटेल असा अभ्यास तैवानचा आहे. बाळंतपणानंतर झोप बिघडलेल्या ८० स्त्रियांपैकी निम्म्यांना दोन आठवडे रोज बाबुन्याचा चहा दिला. त्यांची झोपेची तक्रार आणि उदासी थोडी कमी झाली. चहा थांबवल्यावर, चौथ्या आठवड्यापर्यंत मात्र तो फरक राहिला नाही.

याचा अर्थ एवढाच की बाबुना मनाला थोडा निवांतपणा देतो, पण जुना निद्रानाश बरा करत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली झोपेची किंवा मनाच्या आजाराची गोळी हा चहा सुरू केला म्हणून बंद करू नका. अशा गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास वाढतो. आणि दोन्ही एकत्र घेतले तर सुस्ती जास्त येऊ शकते, म्हणून त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

पोटासाठीही बाबुन्याचा उपयोग जुना आहे. जड जेवणानंतरचे गुबारलेले पोट, पाळीतली सौम्य कळ, सर्दीत घशाची खवखव, अशा वेळी कोमट बाबुन्याने बरे वाटते. घशासाठी त्याच पाण्याच्या गुळण्याही करतात.

करायची रीत

एका माणसासाठी :

१. चहाचे दोन चमचे भरून वाळलेली अख्खी फुले घ्या. वजन साधारण २ ग्रॅम भरते. तयार पुडी असेल तर एक पुरे.

२. दीड-पाऊण दोनशे मिलिलिटर पाणी, म्हणजे घरचा एक मोठा कप, खळखळून उकळा आणि गॅस बंद करा.

३. फुले कपात किंवा किटलीत ठेवा, वरून पाणी ओता आणि लगेच बशी झाका. बाबुन्याचा वास आणि गुण त्याच्या तेलात आहे, आणि ते वाफेबरोबर उडून जाते. म्हणूनच फुले गॅसवर उकळायची नाहीत आणि भांडे उघडे ठेवायचे नाही.

४. पाच ते दहा मिनिटे थांबा. दहाच्या पुढे ठेवले तर कडवटपणा येतो.

५. बशी उचलली की तिच्या आतले थेंब कपातच पडू द्या. मग बारीक गाळणीने किंवा मलमलच्या कपड्याने गाळा, कारण फुलाचा चुरा घशाला लागतो.

दूध घालू नका. दुधात हा वास मरतो आणि चव विचित्र होते. हवे तर आल्याचा एक पातळ काप, एखादी वेलची किंवा लिंबाचे चार थेंब टाका. मध घालायचा तर पाणी कोमट झाल्यावर. साखरेचा आजार असलेल्यांनी मध-साखर दोन्ही टाळावे, नाहीतर रात्रीच्या चहातली साखर फक्त दुसऱ्या कपात जाईल. पहिल्या दोन-तीन दिवशी चव फिकी वाटेल. कडक चहावर वाढलेल्या जिभेला सवय व्हायला आठवडा द्या.

झोपण्याच्या तासभर आधी एक कप घ्या. रात्री लघवीला वारंवार उठावे लागणाऱ्या बुजुर्गांना अर्धाच कप, तोही जरा लवकर द्या. मे महिन्याच्या उकाड्यात गरम नको वाटले तर हाच काढा गाळून, गार करून माठातल्या पाण्यात मिसळून घेता येतो.

जेवणाला लागून मात्र घेऊ नका. चहा अन्नातले लोह शरीराला मिळू देत नाही, हे आपण ऐकून आहोत. १९९९ मध्ये झालेल्या एका तपासणीत जेवणाबरोबर काळा चहा घेतल्याने लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. बाबुन्याने ते ४७ टक्क्यांनी घटले. चहापेक्षा कमी, पण थोडे नव्हे. आपल्या मुलीबाळींत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघरी आहे. म्हणून जेवण किंवा लोहाची गोळी आणि कोणताही चहा यांत किमान तासभर अंतर ठेवा.

कोणी घेऊ नये?

आता आर्वीच्या अम्मींकडे येतो. २००६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी एका ७० वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेत होत्या. छातीत सर्दी झाली म्हणून त्यांनी बाबुन्याचा चहा दिवसातून चार-पाच वेळा घेतला आणि बाबुन्याचे मलमही लावले. थोड्याच दिवसांत शरीराच्या आत रक्तस्राव होऊन त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. झडपेच्या ऑपरेशननंतर आपल्याकडेही बहुधा याच प्रकारची गोळी देतात आणि तिचे प्रमाण रक्त तपासून ठरवतात. नवा काढा सुरू केला की ते गणित बिघडू शकते. घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर हकिमाचे असो वा बाजारातले, कोणतेही नवे औषधी पेय डॉक्टरांना सांगूनच सुरू करावे. ऑपरेशन ठरले असेल तर आधीचे दोन आठवडेही हा चहा बंद ठेवलेला बरा.

दुसरा धोका आपल्या रस्त्याच्या कडेला उभा आहे. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, हे बाबुन्याच्याच कुळातले आहे. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेले हे गवत आज वर्ध्यातल्या प्रत्येक पडीक शेतात आणि धुऱ्यावर आहे. त्याचा स्पर्श किंवा वारा लागला की अनेकांना खाज, चट्टे, शिंका आणि दमा होतो. ज्यांना गाजर गवताचा, शेवंतीचा किंवा झेंडूचा असा त्रास आहे, त्यांना बाबुनाही बाधू शकतो. अशांनी तो घेऊच नये. इतरांनीही पहिल्या दिवशी दोन-चार घोटच घेऊन पाहावे. ओठ सुजले, अंगावर पित्त उठले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठावा.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, पांढरे बारीक फूल दिसले म्हणून शेतातून काही तोडून आणू नका. आपल्याकडे बाबुना आपोआप उगवत नाही. गाजर गवताची फुले पांढरी आणि बारीक असतात. कंबरमोडी, जिला कुठे एकदांडी म्हणतात, तिचेही फूल मधे पिवळे आणि कडेने पांढरे दिसते. मुलांना हा फरक कळत नाही. त्यांना कुठलेही फूल ‘चहाचे’ म्हणून आणायला पाठवू नका.

गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पोटदुखीसाठीही बाबुन्याचे पाणी नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर कशातूनही देऊ नये.

घ्यायचा कुठून?

जडीबुटीच्या किंवा युनानी औषधांच्या दुकानात ‘गुल-ए-बाबूना’ मागा. वर्ध्यात न मिळाल्यास नागपूरला इतवारीत चौकशी करा. भुकटी न घेता अख्खी फुले घ्या, म्हणजे भेसळ लपत नाही. फूल मधोमध नखाने चिरून पाहा. खऱ्या बाबुन्याचा पिवळा उंचवटा आतून पोकळ असतो. वास सफरचंदासारखा हवा. कुबट वास किंवा तपकिरी रंग असेल तर माल जुना आहे. घरी काचेच्या बरणीत, उन्हापासून आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवा आणि वर्षात संपवा.

हौस असेल तर कुंडीतही करून पाहता येतो. हे थंडीचे पीक आहे. ऑक्टोबरमध्ये बी पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात. बी धुळीसारखे बारीक असते. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती घालू नका, फक्त हाताने दाबा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. फुले पूर्ण उमलली की कोवळ्या उन्हात खुडा आणि सावलीत वाळवा.

बाबुना मिळालाच नाही तर अडून राहू नका. गवती चह्यात कॅफिन नाही. लाल अंबाडीची बोंडे तर विदर्भाचीच. त्यांचे आपण सरबत करतो, आणि अरब देशांत त्याचाच ‘करकदे’ नावाचा गरम-गार चहा पितात. तो रक्तदाब थोडा उतरवतो, म्हणून बीपीची गोळी घेणाऱ्यांनी जपून. मात्र ग्रीन टी आणि त्याच्यापासून केलेला कहवा यांत कॅफिन असते. ते ‘हर्बल’ समजून रात्री घेऊ नका.

रमजानसाठी एक सूचना. चहाच्या सवयीच्या माणसाला पहिल्या दोन-तीन रोज्यांत डोकेदुखी होते, ती बहुधा अचानक तुटलेल्या कॅफिनची असते. महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून दिवसाचा एकेक कप कमी करत जा. तरावीहनंतरचा चहा तर पहिल्यापासूनच बाबुन्याला किंवा गवती चह्याला देऊन टाका. सहरीपूर्वी जे चार तास झोपेचे मिळतात, ते पूर्ण मिळाले पाहिजेत.

शेवटी अम्मींच्या झोपेबद्दल

दोन-तीन वर्षे झोप नाही, ही तक्रार कुठल्याच फुलावर सोपवू नये. त्यामागे श्वासाचा, थायरॉइडचा, दुखण्याचा, एखाद्या गोळीचा किंवा मनाच्या उदासीचा भाग असू शकतो. म्हातारपणी माणसे मनातले बोलत नाहीत, ‘झोप येत नाही’ एवढेच म्हणतात. त्यांना पुढच्या तपासणीला नेताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि ते बाबूनजचे पाकीटही सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. मन फार बेचैन असेल तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते.

तोवर घरातल्या सगळ्यांनीच रात्रीचे चहाचे पातेले चढवणे बंद केले, तर अम्मींनाही ते सोडणे सोपे जाईल. त्यांच्या कपात कोमट दूध चालेल, तुमच्या कपात बाबुना. अल्लाह त्यांना शिफा आणि शांत झोप देवो. डॉक्टर काय म्हणाले ते आम्हाला जरूर कळवा.